नाशिकची वाईन नाशिकचीच आहे का? मूळ शोधणाऱ्या तपासणीचा अनुभव

दिंडोरी तालुक्यात माझी छोटी वायनरी आहे. स्वतःच्या बागेतल्या मालावर वर्षाचे उत्पादन भागत नाही, म्हणून दर हंगामात थोडी तयार वाईन मी बाहेरून विकत घेतो आणि आमच्या वाईनमध्ये मिसळून बाटलीबंद करतो. त्या बाटलीवर 'नाशिक' हा शब्द छापलेला असतो. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळण्यामागे या भागातल्या अनेक बागायतदारांचे कष्ट आहेत, त्यामुळे तो शब्द छापताना बाटलीत खरोखर इथलेच द्राक्ष आहे याची खात्री असणे मी माझे कर्तव्य मानतो. गेल्या उन्हाळ्यात एका मध्यस्थाकडून घेतलेल्या शिराझ या काळ्या द्राक्षाच्या वाईनच्या लॉटने ही खात्री डळमळीत केली. कागदपत्रे निफाड तालुक्याची होती आणि पावत्याही जुळत होत्या. परंतु दर चालू भावापेक्षा बराच कमी होता, आणि ज्या बागेचा माल म्हणून ती वाईन विकली गेली, त्या बागेतला बराचसा माल त्या वर्षी गारपिटीत गेल्याचे शिवारातल्या दोघातिघांनी मला सांगितले होते. चव घेऊन गाव ओळखण्याइतकी माझी जीभ तयार नाही, आणि तशी तयार जीभ असल्याचा दावा करणाऱ्यांवर व्यवहाराच्या बाबतीत मी विसंबणार नाही. म्हणून रासायनिक पृथक्करणावरून वाईनचा प्रदेश सांगणारी तपासणी एका खासगी प्रयोगशाळेकडून करून घेतली. तिच्याविषयी काही तक्रारी पुढे येणार असल्यामुळे प्रयोगशाळेचे नाव मी लिहीत नाही. परंतु ही सेवा घ्यावी की नाही या विचारात असलेल्या लहान उत्पादकांना या अनुभवाचा उपयोग व्हावा अशी इच्छा आहे.

मी एकूण पाच नमुने पाठवले आणि त्यांवर फक्त १ ते ५ असे आकडे घातले. पहिले दोन माझ्याच दोन प्लॉटचे होते, एक काळ्या जमिनीतला आणि एक मुरमाड उतारावरचा. तिसरा शंकेच्या लॉटचा. चौथी वाईन सांगली जिल्ह्यातल्या पलूस भागातील माझ्या एका नातेवाइकाच्या बागेची होती आणि पाचवी बेंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांच्या परिसरातली. या शेवटच्या दोन नमुन्यांचे गाव मी प्रयोगशाळेला सांगितले नव्हते. तपासणाऱ्याचीही तपासणी व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू होता, आणि या सेवेविषयीचे माझे आजचे मत त्या दोन बाटल्यांमुळेच बनले आहे.

नमुना घेण्याच्या सूचना सविस्तर आणि चांगल्या होत्या. गडद रंगाची काचेची बाटली, आतून टेफ्लॉनचा थर असलेले झाकण आणि काठोकाठ भरलेली वाईन, म्हणजे वर हवेला जागा राहणार नाही. ही शेवटची अट मला आधी किरकोळ वाटली होती. पहिल्या पार्सलमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या बाटलीचे झाकण सैल राहिले. खोके उघडले तेव्हा आतला पुठ्ठा जांभळा झाला होता आणि बाटली दोन बोटे रिकामी होती. प्रयोगशाळेने तो नमुना तपासायला स्पष्ट नकार दिला आणि त्याचे कारणही कळवले. पाण्यात ऑक्सिजनचे जड आणि हलके असे दोन्ही समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) असतात आणि बाष्पीभवनात हलका समस्थानिक आधी निघून जातो, त्यामुळे गळलेल्या बाटलीतल्या पाण्याचे गुणोत्तर मूळ वाईनचे राहत नाही. आमच्याकडून पैसे घेऊन चुकीचा आकडा छापून देणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवतो. वाईनबरोबर माझ्या दोन्ही प्लॉटमधली मुळांच्या थरातली माती आणि विहिरीचे पाणीही त्यांनी मागवून घेतले.

या तपासणीचा कणा म्हणजे स्ट्रॉन्शियम. हे मूलद्रव्य कॅल्शियमच्या भावकीतले असल्याने द्राक्षवेल मातीतून कॅल्शियम घेताना थोडे स्ट्रॉन्शियमही उचलते आणि ते मण्यात, रसात आणि शेवटी वाईनमध्ये उतरते. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांपैकी ८६ वस्तुमानाचा खडकात होता तेवढाच राहतो. ८७ वस्तुमानाचा मात्र रूबिडियमच्या ऱ्हासातून सावकाश वाढत जातो. त्या रूबिडियमचे अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षांचे आहे, म्हणजे ही वाढ आपल्या कल्पनेपलीकडच्या संथ गतीने होते. खडक जितका जुना आणि त्यात रूबिडियम जितके जास्त, तितके ८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर मोठे. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा बसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने अलीकडचा, आणि त्यात रूबिडियमही कमी. बेंगळुरूच्या बाजूचे ग्रॅनाइट आणि नाइस खडक अडीचशे कोटी वर्षे किंवा त्याहूनही जुने, आणि रूबिडियमने समृद्ध. वेल, यीस्ट किंवा लाकडी पिंप या दोन समस्थानिकांत भेदभाव करत नाही, त्यामुळे मातीतले गुणोत्तर बाटलीपर्यंत जवळजवळ जसेच्या तसे पोहोचते.

मोजमापातली खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मला या तपासणीच्या निमित्तानेच समजली. वाईनमध्ये रूबिडियमही भरपूर असते आणि त्याच्या एका समस्थानिकाचे वस्तुमानही ८७ च आहे, म्हणून अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरला, दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे आधी वाईनमधला सेंद्रिय भाग आम्लात पूर्ण विरघळवून, रेझिनच्या स्तंभातून गाळून, स्ट्रॉन्शियम वेगळे काढावे लागते. हे काम धूळविरहित खोलीत होते, कारण बाहेरची चिमूटभर धूळसुद्धा आकडा बिघडवू शकते. मग जे गुणोत्तर मिळते ते दशांशाच्या पाचव्या स्थळापर्यंत विश्वासाने वाचता येते. प्रयोगशाळेने प्रत्येक नमुना दोनदा स्वतंत्रपणे तयार करून मोजला आणि दोन्ही वेळचे आकडे अहवालात शेजारीशेजारी दिले. माझ्या पाचही नमुन्यांत ते चौथ्या स्थळापर्यंत तंतोतंत जुळत होते. मोजमापाच्या दर्जाबद्दल मला काडीचीही तक्रार नाही.

निकाल आले तेव्हा पाचव्या नमुन्याने मला थक्क केले. माझ्या दोन्ही वाईनचे गुणोत्तर ०.७०८ च्या आसपास होते आणि दोन्ही प्लॉटच्या मातीचेही त्याच्या अगदी जवळ. पाचव्या बाटलीचा आकडा मात्र ०.७२ च्या वर. कागदावर हा फरक नगण्य दिसतो, परंतु जिथे पाचवे दशांश स्थळ वाचता येते तिथे तो डोंगराएवढा आहे. अहवालात त्या नमुन्यापुढे 'बसाल्टच्या प्रदेशातील नाही, जुन्या ग्रॅनाइटसदृश खडकाच्या प्रदेशातील' असे नि:संदिग्ध शब्दांत लिहिले होते, आणि ते खरे होते. दक्षिण कर्नाटकातली वाईन नाशिकच्या नावाने कोणी विकत असेल, तर ही तपासणी त्याला पकडेल याविषयी आता माझ्या मनात शंका नाही.

चौथ्या नमुन्याने मात्र अहवालाची मर्यादा उघड केली. पलूसच्या त्या वाईनपुढे छापले होते, 'नाशिक प्रदेशाशी ९१ टक्के जुळते'. शंकेच्या तिसऱ्या लॉटपुढेही जवळपास तेच वाक्य आणि जवळपास तोच आकडा होता. अहवाल हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. चौथी वाईन सांगलीची आहे हे मला पक्के ठाऊक नसते, तर तिसऱ्या लॉटवर नाशिकचा शिक्का बसला असे मानून मी तो त्याच दिवशी बाटलीत भरला असता.

हे असे का झाले, हे सह्याद्रीच्या पूर्वेकडचा नकाशा पाहिला की लगेच उमगते. नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकातल्या विजयपूरचा बराचसा भाग त्याच बसाल्टवर वसलेला आहे. खडकाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते आणि राज्याचीही नसते. ज्या गुणोत्तराने बेंगळुरू वेगळे पडले, तेच गुणोत्तर निफाड आणि पलूस यांच्यात फार तर पुसट रेघ ओढू शकते. त्यात आपल्या शेतीच्या पद्धती ती रेघ आणखी पुसट करतात. फळछाटणीनंतर बागेवर मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या होतात, खोडाला बोर्डो पेस्ट लागते, आणि त्यातल्या चुन्याबरोबर कॅल्शियमच्या जोडीने स्ट्रॉन्शियमही येते. सुपर फॉस्फेट, जिप्सम आणि कॅल्शियम नायट्रेट यांचेही तेच. ही खते आणि हा चुना जिथून खणला जातो तिथल्या खडकाची सही घेऊन आमच्या बागेत उतरतात. माझ्या काळ्या जमिनीतल्या प्लॉटची वाईन आणि तिथली माती यांच्यात चौथ्या दशांश स्थळावर जो फरक आला, त्याचे कारण हेच असावे असे मला वाटते, कारण त्या प्लॉटला मी गेली काही वर्षे जिप्सम देत आहे.

अहवालाचा दुसरा भाग सुमारे चाळीस मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा होता. आर्गॉन वायूच्या हजारो अंशांच्या प्लाझ्मात वाईनचा तुषार सोडून, त्यातून सुटणारे अणू मोजण्याची ही पद्धत आता अनेक ठिकाणी उपलब्ध आहे आणि तुलनेने स्वस्तही आहे. मात्र त्या लांबलचक तक्त्यातल्या प्रत्येक आकड्याचा मूळ गावाशी संबंध असतोच असे नाही, आणि हे अहवालात कुठेही सांगितलेले नव्हते. तांबे बोर्डोतून येते. क्रोमियम आणि निकेल स्टीलच्या टाक्यांतून आणि पंपांतून येऊ शकतात. दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये वाईन निवळण्यासाठी वापरलेल्या बेंटोनाइट नावाच्या मातीतून उतरतात. मी स्वतः प्रत्येक पांढऱ्या वाईनला बेंटोनाइट देतो. ती माती कच्छच्या खाणीतली असेल, तर त्या आकड्यांत नाशिकबरोबर थोडा कच्छही मोजला जातो. लिथियम, बोरॉन, रूबिडियम, मँगनीज आणि बेरियम यांच्याकडे अधिक विश्वासाने पाहता येते, असे मला प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी फोनवर समजावले. हे स्पष्टीकरण छापील अहवालातच असायला हवे होते, कारण फोन करून विचारण्याचे प्रत्येक ग्राहकाला सुचेलच असे नाही.

ऑक्सिजन आणि कार्बन या दोन तपासण्यांवर थोडक्यात लिहितो. वाईनमधले पाणी वेलीतून आलेले असते आणि आमच्याकडे जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत पिकणाऱ्या घडांमध्ये जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते, त्यामुळे कोणी टाकीत विहिरीचे पाणी ओतले तर हे गुणोत्तर खाली येते. धरणाच्या उघड्या पाण्यावर ठिबक चालवणारा आणि खोल बोअरवेलवर चालवणारा यांच्यातही फरक पडू शकतो, कारण उन्हाने आटलेले तलावाचे पाणी आधीच जड झालेले असते. कार्बनची तपासणी उसाची साखर पकडते. ऊस आणि द्राक्ष हवेतला कार्बन वेगवेगळ्या मार्गांनी बांधतात. द्राक्षाच्या अल्कोहोलचे कार्बन मूल्य (ठरलेल्या प्रमाण नमुन्याच्या तुलनेत जड कार्बन किती कमी-जास्त, याचे माप) उणे २६ प्रति हजारच्या आसपास असते, तर उसाच्या साखरेपासून झालेल्या अल्कोहोलचे उणे १२ च्या जवळ. निफाड तालुक्यात बांधाच्या एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला द्राक्ष असे दृश्य नेहमीचे आहे, म्हणून ही तपासणी मला विशेष मोलाची वाटली. माझ्या पाचही नमुन्यांत साखरेची भर आढळली नाही. शंकेच्या लॉटबद्दल निदान एवढी खात्री मिळाली, की ती वाईन निखळ द्राक्षाची आहे.

प्रश्न उरला तो त्या '९१ टक्क्यां'चा. मी फोनवर सरळ विचारले, की नाशिकचे म्हणून तुलनेला किती नमुने आहेत आणि ते कोणत्या वर्षांचे आहेत? उत्तर मिळाले, की नमुने अकरा आहेत, सगळे एकाच हंगामातले, आणि त्यातले बहुतेक बाजारातून आणलेल्या बाटल्यांमधून घेतलेले. सांगलीचा नमुना एकही नाही. मग ज्याच्याकडे सांगलीचे माप नाही त्याला सांगलीची वाईन नाशिकचीच वाटणार, हे ओघानेच आले. शिवाय बाजारातल्या बाटलीवर नाशिक लिहिले आहे म्हणून ती नाशिकची मानायची आणि तिच्या आधारावर दुसरी बाटली नाशिकची आहे का ते ठरवायचे, हा हिशेब मला पटला नाही. मी तसे स्पष्टपणे सांगितले, आणि बाईंनी ते मोकळेपणाने मान्य केले. त्यांचे वाक्य माझ्या कायम लक्षात राहील. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही खडक विचारला असता तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, तुम्ही तालुका विचारलात, आणि तालुका सांगायला तुमच्याच शिवारातले नमुने लागतात." पुढच्या आठवड्यात सुधारित अहवाल आला. त्यात टक्केवारी काढून टाकलेली होती आणि तिसऱ्या व चौथ्या नमुन्यांपुढे 'दख्खन बसाल्ट प्रदेशाशी सुसंगत. त्या प्रदेशातील जिल्हा ठरवण्यास तुलनात्मक नमुने अपुरे' असे लिहिलेले होते. हेच वाक्य पहिल्या अहवालात असते तर माझी काहीही तक्रार नसती.

युरोपमध्ये ही उणीव कशी भरून काढली, ते येथे सांगणे आवश्यक आहे. फ्रान्समधल्या नाँत विद्यापीठात जेरार मार्तँ आणि मारीव्हॉन मार्तँ यांनी १९८० च्या दशकात अल्कोहोलच्या रेणूतल्या जड हायड्रोजनची जागा मोजून वाईनमधली बाहेरची साखर ओळखण्याची पद्धत विकसित केली, आणि १९९० मध्ये ती युरोपीय समुदायाच्या अधिकृत पद्धतींत आली. त्याहून महत्त्वाचे पाऊल १९९१ चे आहे. त्या वर्षापासून वाईन पिकवणाऱ्या देशांतल्या ठरवून दिलेल्या बागांमधून दर हंगामात द्राक्षे तोडून, त्यांची अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली लहान प्रमाणात वाईन करून, तिचे समस्थानिक मोजून एका सामायिक संग्रहात नोंदवण्याचा नियम झाला. पाऊस आणि उष्णता दर वर्षी बदलते, म्हणून संग्रहही दर वर्षी नवा करावा लागतो. तिथला तपासनीस संशयित बाटलीचा आकडा त्याच प्रदेशाच्या, त्याच वर्षाच्या, मूळ ठाऊक असलेल्या वाईनशी ताडून पाहतो.

फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाच्या वाईनवर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही मला याच संदर्भात महत्त्वाचा वाटतो. त्यात सात इस्टेटींच्या, म्हणजे वाईन करणाऱ्या बागांच्या, ८० लाल वाईन घेऊन, त्यांच्या गॅस क्रोमॅटोग्राफीचे (वाफ करून घटक वेगळे करण्याच्या तपासणीचे) संपूर्ण आलेख संगणकाला शिकवले, आणि वाईन कोणत्या इस्टेटची हे संगणकाने जवळजवळ अचूक ओळखले. वर्ष ओळखण्यात मात्र तो निम्म्याच्या पुढे गेला नाही. एकाच प्रदेशातल्या शेजारच्या बागा वेगळ्या ओळखता येतात ही त्यातली आशादायक बाजू आहे. पण तिथेही त्या सातही इस्टेटींच्या अनेक वर्षांच्या अस्सल बाटल्या आधी हाताशी होत्या.

आपल्याकडे अशी शिस्त अशक्य आहे असे मला मुळीच वाटत नाही. निर्यातीच्या द्राक्षांसाठी ग्रेपनेट या नोंदणी प्रणालीत प्लॉटची नोंदणी करणे, नोंदवही ठेवणे आणि खोक्यावरून थेट बागेपर्यंत माग काढणे हे नाशिकच्या बागायतदाराच्या अंगवळणी पडलेले आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरला वाईन पार्क उभे राहिले, मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, वाईन करणारे हात आहेत आणि मोजणारी यंत्रेही आहेत. प्रत्येक तालुक्यातून दर हंगामात दहा-पंधरा प्लॉटचा खात्रीचा माल या कामासाठी बाजूला काढला, तर चार-पाच वर्षांत तुलनेला पुरेल एवढा संग्रह उभा राहू शकतो.

आता व्यवहाराचे. पाच वाईन, दोन माती आणि दोन पाणी यांच्या तपासणीचे करांसह जे बिल आले, त्यात मला दोन टन शिराझ द्राक्षे विकत घेता आली असती. तीन आठवड्यांचे सांगून अहवाल सात आठवड्यांनी आला आणि सुधारित अहवालाला आणखी एक आठवडा लागला. अहवाल संपूर्ण इंग्रजीत होता. मराठीत एका पानाचा सारांश द्यावा अशी विनंती मी केली आहे. लहान उत्पादकाने आपल्याच वाईनच्या प्रमाणपत्रासाठी एवढा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरून वाईन घेणाऱ्याने मोठ्या सौद्याआधी स्ट्रॉन्शियम आणि कार्बन या दोनच तपासण्या मागवाव्यात. चाळीस मूलद्रव्यांचा तक्ता सध्या तरी वगळला तरी चालेल. आणि पाठवताना एक बाटली अशी ठेवावी, जिचे गाव फक्त आपल्यालाच माहीत आहे.

तिसऱ्या लॉटचा निर्णय मला अहवालाशिवायच घ्यावा लागला. ती वाईन चांगली आहे, निखळ द्राक्षाची आहे, बसाल्टवरची आहे. पण निफाडची आहे असे मी शपथेवर सांगू शकत नाही. म्हणून ती नाशिकचे नाव नसलेल्या वेगळ्या लेबलखाली, कमी दराने विकली. त्या मध्यस्थाशी व्यवहार थांबवला आहे. येत्या फेब्रुवारीत तोडणी सुरू झाली की माझ्या दोन्ही प्लॉटमधून प्रत्येकी वीस किलो घड वेगळे काढून, बेंटोनाइट न घालता, काचेच्या बरण्यांत त्यांची वाईन करून प्रयोगशाळेला पाठवायची आहे. बाईंनी हे नमुने तुलनेच्या संग्रहासाठी विनामूल्य तपासण्याचे कबूल केले आहे, आणि शेजारच्या तीन बागायतदारांनीही आपापल्या बागेतले घड द्यायची तयारी दाखवली आहे.